जालन्याचे जाधव

धोंडिराम जाधव माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या भांड्याकडे बघतो. दूधवाल्याने भांड्याकडे बघावं यात नवल नाही म्हणा, पण याचं बघणं वेगळं. पातेलं हातात धरून पुढे केलंय की उंबऱ्याशी ठेवून दिलंय? ठेवलं असेल तर ते बाईचे हात कणकेचे होते म्हणून, की याच्या मापाची कड आपल्या बोटांना लागायला नको म्हणून? अर्धा लिटर दूध ओतायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हा गृहस्थ समोरच्याची अख्खी झडती घेऊन मोकळा होतो. आणि तोंडाने काय, तर "घ्या ताई, जाड साय धरली की आमची आठवण काढा." मनात एक, जनात एक.

त्याचा गोठा दहिसरला, नदीच्या काठी, बैठ्या चाळींच्या मागे. नदी आपली म्हणायची म्हणून. मे महिन्यात तिच्यात म्हशीचं खूरही बुडत नाही, आणि जे काही वाहतं त्यात म्हैस घालायची कुणाची छाती नाही. वर पत्रे, खाली सहा म्हशी, त्यातल्या चार दुभत्या. रस्त्याच्या पलीकडे मंगलतारा टॉवर, चौदा मजल्यांचा. धोंडिरामचं निम्म्याहून जास्त दूध त्या टॉवरमध्ये जातं, उरलेलं चाळीत आणि नाक्यावरच्या दोन चहावाल्यांकडे. टॉवर आहे म्हणून गोठा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. टॉवरने तोंड फिरवलं तर चाळीच्या पाव-पाव लिटरवर सहा म्हशींची पोटं भरणार नव्हती.

यंदा एप्रिलपासूनच आग पेटली होती. म्हशीला ऊन सोसत नाही. कातडं काळं, घाम धड येत नाही, आणि डुंबायला मुंबईत डबकं कुठून आणायचं? दुपारी बारा ते चार धोंडिराम आणि त्याचा गडी दादू आळीपाळीने नळीने पाणी मारायचे, पाठीवर ओली गोणपाटं टाकायचे. टँकर एक दिवसाआड, तोही मर्जी असली तर. म्हशी जीभ बाहेर काढून धापा टाकत, माश्यांनी हैराण होऊन पाय झाडत, धारेला उभ्याच राहत नसत. विरारकडून येणारं हिरवं गवत निम्म्यावर आलं, कारण तिकडच्या विहिरींनी तळ गाठला होता. तेव्हा दादूने तोड काढली. बोरिवलीच्या भाजी मार्केटातून संध्याकाळी मुळ्याचा नि फ्लॉवरचा पाला टेम्पोत टाकून आणायचा आणि पहाटे धार काढताना म्हशीच्या पुढ्यात घालायचा. म्हैस पाल्यात तोंड खुपसून गप्प, खाली धार चालू.

"झकास आयडिया आहे ना, मालक?" दादू स्वतःच स्वतःची पाठ थोपटत म्हणाला.

धोंडिरामला आयडिया पटली. त्याला सहसा कुणाचं काही पटत नाही, त्यामुळे दादू दिवसभर खुशीत होता.

आता हा संशय काही तो आईच्या पोटातून घेऊन आला नव्हता. तो त्याच्यात घातला गेला. अंबड तालुक्यातल्या त्याच्या गावी त्याचा बाप पाटलाच्या गोठ्यात राबायचा. शेण काढायचं, वैरण टाकायची, म्हशी धुवायच्या. धारेला मात्र हात लावायचा नाही. दूध बाटतं म्हणे. म्हैस आपल्या हातचं खाते, आपल्या हाताने धुऊन घेते, मग तिच्या सडांनाच तेवढं काय होतं, असं सात वर्षांच्या धोंडिरामने बापाला विचारलं होतं. बापाने त्याला हात धरून गोठ्याबाहेर आणलं. त्या दिवशी पोराने मनाशी ठरवलं, ज्याला आपला हात चालत नाही ते आपल्यालाही नको. तेव्हापासून त्याने दूध तोंडाला लावलं नाही. आजही चहा कोरा पितो. साठी ओलांडली, तीस वर्षं दूध विकतोय, पण विकतो ते कसं लागतं याचा त्याला पत्ता नव्हता.

विशीत तो मुंबईला आला आणि जोगेश्वरीच्या एका मोठ्या तबेल्यात शेण काढायला लागला. तिथे कुणी जात विचारली नाही, आडनाव विचारलं. जाधव काय, सगळ्यांत असतात. मालकाने मनाने काय ते धरलं, याने दुरुस्त केलं नाही. एका म्हाताऱ्या गवळ्याने त्याला धार काढायला शिकवलं, आणि याच्या हाताला अशी लय बसली की लाथा मारणारी म्हैसही डोळे मिटून उभी राहायची. पुढे स्वतःची एक म्हैस झाली, मग दोन, मग सहा. गिऱ्हाईक विचारायचं, "जाधव म्हणजे कुठले हो तुम्ही?" हा म्हणायचा, "जालन्याचे." विचारणारा जात विचारतोय आणि हा जिल्हा सांगतोय! चाळीतल्या त्याच्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, गोठ्यातली भिंत मात्र कोरी. गावाकडच्या माणसाने दुधाच्या बाबतीत एकदा तोंड पोळून घेतलं की तो मुंबईत ताकही फुंकून पितो.

त्याची मुलगी संघमित्रा आता विक्रोळीला असते. ती चिडायची. "बाबा, कुणाला घाबरता तुम्ही? इथे मुंबईत कोण कुणाला विचारतं?"

"विचारत नाहीत गं," हा म्हणायचा. "बघतात."

दरवर्षी चौदा एप्रिलला तो बायकोला, मीराला घेऊन विक्रोळीला जायचा. तिकडच्या मिरवणुकीत पोटभर नाचायचा आणि दुसऱ्या पहाटे काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने गोठ्यात हजर. यंदा संघमित्रा बाळंत झाली म्हणून मीरा महिनाभर तिकडेच होती, आणि असल्या उन्हात म्हशी दादूवर सोडून जायचा याला धीर झाला नाही. नेमकी यंदाच चाळीच्या मंडळाची मिरवणूक टॉवरच्या रस्त्याने निघाली. वडीलधारा माणूस म्हणून पोरांनी धोंडिरामला निळा फेटा बांधला आणि सगळ्यांच्या पुढे उभा केला. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? टॉवरच्या समोर ढोल चांगला अर्धा तास वाजला. बाल्कन्या माणसांनी भरल्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या नलिनीबाईंनी त्याला ओळखून हात हलवला. याने मान खाली घातली ती मिरवणूक वळेपर्यंत वर केली नाही.

त्याच आठवड्यात बाराव्या मजल्यावरच्या घराने दूध बंद केलं. मुलं सुट्टीत गावाला गेली म्हणून. दोन दिवसांनी नवव्या मजल्याने. डॉक्टरांनी म्हशीचं दूध बंद करायला सांगितलं म्हणून. मग ६०३ ने, तेही तोंडाने न सांगता. 'दूध नको' एवढी चिठ्ठी दाराला चिकटवून. मग आणखी दोन घरं. धोंडिरामला दुसरं कारण शोधायची गरजच नव्हती. चौदा तारखेपर्यंत सगळ्यांना दूध पचत होतं आणि पंधरा तारखेपासून कुणालाच पचेना, हे काय उगीच?

मग त्याने पाळत सुरू केली. किटली घेऊन जिन्यात रेंगाळायचं, बंद दारांमागचं बोलणं ऐकू येतंय का बघायचं. कुणाच्या दाराला कुठल्या कंपनीची पिशवी लटकतेय ते लक्षात ठेवायचं. वॉचमन आधी "काका" म्हणायचा, आता "जाधव" म्हणतो, हेही त्याने टिपलं. आताचा वॉचमन बिचारा जुन्याच्या जागी आलेला नवा माणूस होता, पण संशयाला असले बारकावे चालत नाहीत. एका सकाळी लिफ्टमध्ये एका कॉलेजच्या मुलीने त्याच्याकडे आणि किटलीकडे बघून नाकाला रुमाल लावला. धोंडिरामचे कान तापले. गोठ्याचा वास त्याच्या कपड्यांना काय आज येत होता? मग आजवर कधी कुणाचा रुमाल निघाला नव्हता तो?

रात्रीच्या जेवणाआधी मीराचा फोन यायचा. "अहो, सरळ विचारून टाका की एकदाचं."

"विचारलं की गोड बोलतात. मला काय माहीत नाही का लोक?"

"माहीत आहे, माहीत आहे म्हणता, आणि सगळं मनातल्या मनात शिजवता. दुधात तर काही नाही ना?"

"माझ्या दुधात?" तो एवढा ओरडला की पलीकडे बाळ उठलं. मीराने फोन ठेवला. तरी त्याने दादूला विचारलं. दादूच्या गालात तंबाखूची गोळी कायम, त्याच्या नाकाने कधीच राम म्हटला होता. त्याने किटलीत नाक घालून मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "एकदम ए-वन, मालक." धोंडिराम स्वतः चाखून बघेल, तर ते या जन्मी होणार नव्हतं.

राहता राहिल्या नलिनीबाई. निवृत्त शिक्षिका, टॉवरमधलं त्याचं पहिलं गिऱ्हाईक. बाकीची घरं त्यांच्याच शब्दावर मिळाली होती. टॉवर नवा होता तेव्हा संघमित्रा दहावीला होती. बाईंनी तिला वर्षभर इंग्रजी शिकवलं आणि एक पैसा घेतला नाही. त्यांच्यावर तरी संशय घेऊ नये की नाही? पण पातेलं त्या नेहमी उंबऱ्याशी ठेवायच्या, कधी हातात धरायच्या नाहीत, आणि बारा वर्षं हा माणूस त्याचा अर्थ लावत बसला होता. एप्रिल संपता संपता बाई म्हणाल्या, "काका, आठ-दहा दिवस दूध नको हं. नाशिकला जातेय बहिणीकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हशींवर पाणी मारता मारता त्याने वर बघितलं. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत ओली साडी वाळत होती. तिसऱ्या सकाळी बाईंच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी. त्याने बेल दाबली, आणि दार उघडेपर्यंत बोट काढलं नाही.

"नाशिकला पिशवी इथूनच पोचते वाटतं?"

नलिनीबाईंचा चेहरा उतरला. "काका, अहो, मी सांगणारच होते तुम्हाला..."

"काय सांगणार? बाटलं म्हणून? बारा वर्षं नाही बाटलं, आणि फेटा बघितला तसं बाटलं?"

"काय बोलताय तुम्ही हे!"

"मग दुसरं काय आहे ते सांगा ना. सांगा, मी उभा आहे."

बाईंनी कडीची पिशवी काढून हातात धरली. त्यांचे डोळे भरून आले होते. धोंडिराम जिना उतरून खाली आला. त्याला राग आला होता, पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं. बाकीच्यांचं त्याने धरूनच ठेवलं होतं, या बाईंचं मात्र आपलं चुकतंय असंच त्याला आतून वाटत आलं होतं. आता तेही राहिलं नाही.

त्याच दुपारी त्याने भिवंडीच्या दलालाला फोन केला. दलाल येऊन सहाही म्हशी बघून गेला, कासेला हात लावून, शिंगं धरून. ठरलं असं की बुद्धपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी टेम्पो आणायचा. पौर्णिमेपर्यंत थांबायचं कारण एवढंच, की दरवर्षी त्या दिवशी चाळीच्या विहारात खीरदान होतं आणि खिरीचं सगळं दूध धोंडिराम देतो. तेवढं शेवटचं दूध द्यायचं आणि गोठ्याला कुलूप लावायचं. मीराला त्याने सांगितलं नाही. दादूला सांगावंच लागलं. दादूने काशी नावाच्या म्हशीच्या पाठीवरचं गोणपाट सरळ केलं.

"मग आपली वाट लागली ना, मालक," तो एवढंच म्हणाला.

पौर्णिमेला ऊन मी म्हणत होतं. पहाटेचं सगळं दूध, एक थेंब मागे न ठेवता, विहारात गेलं. खिरीचं मोठं पातेलं सोनूबाईच्या ताब्यात. सोनूबाई जाफराबादकडची, सत्तरीची, तोंडाने फटकळ. भल्याभल्यांना तिच्यासमोर ब्र काढायची सोय नाही. वंदना झाली, पंचशील झालं, कागदी कपांतून खीर वाटायला सुरुवात झाली. धोंडिराम सवयीप्रमाणे मागे, दाराशी उभा राहिला, जिथून सगळे दिसतात आणि आपण कुणाला दिसत नाही.

त्याने बघितलं की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने एक घोट घेतला आणि कप हळूच सतरंजीखाली सारला. एका बाईने पोराचा कप आपल्याकडे घेतला, वास घेतला, आणि बाजूला ठेवला. दोन पोरं कप घेऊन बाहेर मोरीकडे पळाली आणि रिकामे कप घेऊन आली. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि मग दाराकडे, त्याच्याकडे, बघून नजर वळवत होते. ही नजर त्याच्या चांगल्या ओळखीची होती. टॉवरच्या दारादारांत महिनाभर त्याने हीच बघितली होती. त्याच्या डोक्यात तोच जुना विचार उसळून आला, आणि अर्ध्यातच अडकला. इथे कोण बाटवणार? इथे तर सगळे आपलेच होते.

"ए धोंडिराम!" सोनूबाई पातेल्यामागून कडाडली. "इकडं ये. म्हशीला मुळा चारतोस का काय रे? खिरीला नुसता मुळा मारतोय!"

"पातेलं बघ तुझं, मावशी. कशात काय शिजवलं असशील."

"माझं पातेलं?" सोनूबाईने ओगराळं भरलं, कपात ओतलं आणि त्याच्यासमोर धरलं. "हे घे. पी आणि मग माझ्या पातेल्याचं नाव घे."

"मी दूध पीत नाही. तुला माहीत आहे."

"पीत नाहीस म्हणूनच ही गत! आपला माल आपण चाखू नये, असं कुठं लिहिलंय रे? पी म्हणते ना."

धोंडिरामने कप तोंडाला लावला. आधी साखर आली, मग वेलची, आणि त्याच्या मागून कच्च्या मुळ्याचा उग्र, कुबट वास थेट नाकात. घोट गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी हसलं नाही.

"आणि चाळीत कधीपासून येतोय हा वास?" त्याने विचारलं.

"महिना झाला की," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्ही आलं ठेचून घालतो चहात. आपल्या माणसाला काय बोलायचं!"

जोगेश्वरीच्या म्हाताऱ्या गवळ्याने पहिल्याच महिन्यात सांगितलेली गोष्ट होती ती: वासाचा पाला कधी द्यायचाच तर धार काढून झाल्यावर, आधी नाही, धारेच्या वेळी तर नाहीच नाही, दूध वास उचलतं. शेंबडं पोरही सांगेल असली गोष्ट. आणि हा शहाणा महिनाभर जिन्याजिन्यांत लोकांच्या मनाचा वास घेत हिंडत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्याला लाज वाटली. एवढी लाज त्याला पाटलाच्या गोठ्यातही वाटली नव्हती, कारण तिथे चूक त्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तसा परत गेला. शब्द मोडला म्हणून दलालाने आईबहिणीवरून शिव्या घातल्या, त्या धोंडिरामने उभ्याने ऐकून घेतल्या. पाला बंद झाला. धारेच्या वेळी म्हशी पुन्हा पाय झाडू लागल्या, तेव्हा दोघांनी मिळून एकाने पाणी मारायचं आणि एकाने धार काढायची असं सुरू केलं. पाचव्या दिवशी पहाटे धोंडिरामने वाटीत दूध घेतलं, नाक दाबलं, मग नाक सोडलं, आणि घोटभर प्यायला. तोंड वाकडं झालं, पण वास नव्हता. त्या दिवशी तो रिकाम्या हाताने चौथ्या मजल्यावर गेला.

"वास माझ्याच दुधाला होता," नलिनीबाईंनी दार उघडताच तो म्हणाला. "मुळ्याचा पाला. मी तुम्हाला नको ते बोललो. माफी मागायला आलोय."

बाईंनी त्याला आत बसवलं.

"उकळायला ठेवलं की घरभर वास सुटायचा, काका. नवव्या मजल्यावरची, बाराव्यावरची, सगळ्या मलाच म्हणायच्या, तुम्ही सांगा त्यांना. मी उद्या सांगते, परवा सांगते म्हणत राहिले. आणि मग ती मिरवणूक झाली."

"म्हणजे तुम्हाला तेव्हा कळलं."

"अहो, कळायचं काय त्यात?" बाई जवळजवळ चिडल्याच. "संघमित्रा नावाच्या मुलीला मी वर्षभर शिकवलंय. मला पहिल्या दिवशी कळलं होतं. पण हेही कळलं होतं की तुम्ही ते झाकून ठेवता. म्हणून मीही कधी दाखवलं नाही. मिरवणुकीत मला इतका आनंद झाला तुम्हाला बघून, मी हात हलवला, तर तुम्ही मान खाली घातलीत. मग मी वासाचं कुठल्या तोंडाने सांगणार होते? तुम्हाला वाटलं असतं, फेटा बघितला आणि आता दुधाला नावं ठेवायला लागली. म्हणून ते नाशिकचं खोटं. मला धड खोटंही बोलता येत नाही."

घरात बुद्ध, गोठ्यात कोरी भिंत, आणि पोरीचं नाव मात्र सगळ्या दुनियेला सांगून मोकळं, हे ती जन्मल्यापासूनच्या अठ्ठावीस वर्षांत धोंडिरामच्या डोक्यात आलं नव्हतं. लोकांनी त्याला फसवलं नव्हतं. त्याचं झाकणं त्यांनीही झाकून घेतलं होतं, आणि त्या दोन झाकणांखाली दूध महिनाभर नासत राहिलं होतं.

"एक विचारू?" तो शेवटी म्हणाला. "पातेलं तुम्ही कायम खाली का ठेवता?"

बाई आधी गोंधळल्या, मग खळखळून हसल्या. "तुम्ही ओतता किती उंचावरून, काका! रोज हातावर सांडायचं. म्हणून खाली ठेवते."

आठवड्याभरात टॉवर परत आला. बाराव्या मजल्यावरची मुलं गावाहून परतली आणि नवव्या मजल्याच्या डॉक्टरांनी म्हशीच्या दुधाला पुन्हा परवानगी दिली. प्रत्येक दारात धोंडिरामने स्वतःहून सांगितलं, चूक माझी होती, वास आला की तोंडावर सांगायचं, मला राग येणार नाही. राग येणार होताच, पण सांगायला काय जातं. सगळी घरं आली. ६०३ तेवढं आलं नाही. त्यांच्या दाराला रोज पिशवी लटकायची आणि रोज सकाळी धोंडिराम तिच्याकडे बघून पुढे जायचा.

शेवटी एका दिवशी साडेअकराच्या सुमाराला तो मुद्दाम वर गेला. दार तिशीतल्या एका बाईने उघडलं, कानाला फोन. तिने फोन छातीशी धरला. "काय काका?"

"दूध बंद केलंत ते वासामुळे ना? वास गेला आता."

"हो... नाही, म्हणजे, आम्हाला पिशवीचंच सोपं पडतं हो."

एवढ्या 'हो-नाही'वर जुन्या धोंडिरामने आठ दिवस काढले असते. त्याच्या मनात सगळं भराभर जुळायलाही लागलं: चिठ्ठी, बंद दार, हे अडखळणं. मग त्याला आपलाच कंटाळा आला.

"ताई, एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "मी धोंडिराम जाधव. जालन्याकडचा, बौद्ध. मिरवणुकीत पुढे होतो तो मीच. दूध आता चांगलं आहे, मी स्वतः चाखतो. घ्यायचं असलं तर खाली गोठ्यात सांगा, नसलं घ्यायचं तरी काही नाही."

"बरं," ती म्हणाली. "घरात विचारून सांगते." आणि दार लागलं.

लिफ्ट खाली यायला लागली. तिसऱ्या मजल्याच्या आसपास त्याच्या लक्षात आलं की बौद्ध म्हणताना आपण तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. भुवई उडाली का, हात दारावर घट्ट झाला का, काही म्हणजे काही टिपलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते बोलून दाखवलं, आणि नेमकं तेव्हाच बघायचं राहून गेलं. परत वर जावं, काहीतरी विचारायचं निमित्त काढावं, असं त्याला क्षणभर वाटलं. पण बारा वाजत आले होते आणि म्हशींवर पाणी मारायचं होतं.